थडीवरची झाडं आणि आळंदीचा लंबक

आषाढ जवळ आला, पालख्या निघाल्या की एक ओवी फोनवरून फिरू लागते. ज्ञानेश्वरीच्या चौथ्या अध्यायातली, ९९ वी. 'आणि उदोअस्तुचेनि प्रमाणें । जैसें न चलतां सूर्याचें चालणें । तैसें नैष्कर्म्यत्व जाणे । कर्मींचि असतां ॥' खाली ठळक अक्षरांत निष्कर्ष असतो: सूर्य चालत नाही, पृथ्वी फिरते, हे माउलींनी कोपर्निकसच्या अडीचशे वर्षं आधी सांगितलं आणि आपल्याला शाळेत मात्र कोपर्निकस शिकवला. आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर यंदाही ती आली आणि संध्याकाळपर्यंत भांडण पेटलं. एक जण म्हणाला, सगळं विज्ञान आपल्याच ग्रंथांत होतं, परक्यांनी ते नेलं. दुसरा, माझा एक भाचा, म्हणाला, कवीच्या एका उपमेला विज्ञान म्हणत असाल तर मग भाकडकथांनाही म्हणा. तिसऱ्या दिवशी एका मामांनी ग्रुप सोडला. आजीच्या मांडीला मांडी लावून मी ज्ञानेश्वरी ऐकली आहे आणि पुढे तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आहे. भांडणाच्या दोन्ही बाजू माझ्याच घरातल्या आहेत. मनाला लागलं ते एवढंच, की त्या तीन दिवसांत पोथी उघडून त्या ओवीच्या आधीच्या दोन ओव्या कुणीही वाचल्या नाहीत.

माझं मत आधीच सांगून टाकते. ती ओवी पोकळ नाही, तिच्या पाठीशी खरं आणि आपल्या देशातलं खगोलज्ञान उभं आहे. पण तिला कोपर्निकसबरोबर शर्यतीत पळवणं चूक आहे. तिला थोतांड म्हणून झटकणंही तेवढंच चूक. दोन्हीकडची माणसं ज्ञान म्हणजे एक वाक्य समजतात: ते आधी कुणी उच्चारलं एवढाच त्यांचा वाद. पृथ्वी फिरते हे वाक्य जगात अनेकांनी अनेकदा उच्चारलं आहे. ते खोटं असतं तर आपल्याला कसं समजलं असतं, हे शोधून काढायला मात्र शतकं लागली. विश्वाबद्दल बोलताना धर्म, विज्ञान आणि संशय यांचं नातं कळायला हवं असेल तर या दुसऱ्या प्रश्नापाशी यावं लागतं.

आता ती ९७ वी ओवी. 'अथवा नावे हन जो रिगे । तो थडियेचे रुख जातां देखे वेगें । तेचि साचोकारें जों पाहों लागे । तंव रुख म्हणे अचळ ॥' नावेत बसलेल्याला काठावरची झाडं वेगाने पळताना दिसतात, पण नीट पाहिलं की तोच म्हणतो, झाडं तर जागच्या जागी आहेत. गीतेतल्या 'कर्मण्यकर्म यः पश्येत्' या श्लोकावरचं हे विवरण आहे. कर्म करत असतानाही आपण अकर्ते आहोत हे ओळखणाऱ्या माणसाविषयी ज्ञानेश्वर बोलत आहेत, आकाशाविषयी नाही. तरीही उपमा पाहा. इ. स. ४९९ च्या सुमाराला आर्यभटाने आपल्या ग्रंथाच्या गोलपाद या भागात लिहिलं, 'अनुलोमगतिर्नौस्थः पश्यत्यचलं विलोमगं यद्वत् । अचलानि भानि तद्वत् समपश्चिमगानि लङ्कायाम् ॥' नावेतून पुढे जाणाऱ्याला काठावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात, तशी लंकेवरून, म्हणजे विषुववृत्तावरून, स्थिर नक्षत्रं पश्चिमेकडे जाताना दिसतात. तीच नाव, तोच काठ. आर्यभटापासून ज्ञानेश्वरांपर्यंत जवळजवळ आठशे वर्षांचं अंतर आहे. ही उपमा माउलींकडे कोणत्या वाटेने आली याचा पुरावा आपल्याकडे नाही, पण शेजारच्याच ओवीत सूर्याचं न चालता चालणं यावं, हा निव्वळ योगायोग आहे असं मला तरी म्हणवत नाही. ज्याला हे सगळं नुसतं काव्य वाटतं, त्याने ही दोन वचनं एकाखाली एक लिहून पाहावीत.

अभिमान बाळगणाऱ्यांचा सगळ्यात सबळ मुद्दा इथेच आहे आणि तो मी पूर्ण मान्य करते. आपल्या पाठ्यपुस्तकांत खगोलाचा इतिहास ग्रीसमधून निघून थेट युरोपात उतरायचा. माझ्या विद्यार्थ्यांना आर्यभट म्हणजे एका उपग्रहाचं नाव एवढंच माहीत असायचं. वास्तविक आर्यभटाने नुसती उपमा दिली नव्हती, आकडा दिला होता. एका प्राणात पृथ्वी एक कला फिरते, असं त्याचं वचन. प्राण म्हणजे चार सेकंद, कला म्हणजे अंशाचा साठावा भाग. वर्तुळात २१,६०० कला, दिवसात २१,६०० प्राण. एका महायुगात पृथ्वीचे १,५८,२२,३७,५०० फेरे होतात असं त्याने लिहिलं, आणि त्यावरून नाक्षत्र दिवस, म्हणजे ताऱ्यांच्या संदर्भात पृथ्वीचा एक फेरा, निघतो २३ तास ५६ मिनिटं ४.१ सेकंदांचा. आजच्या मापनाशी ताडून पाहिलं तर फरक सेकंदाच्या अगदी लहानशा अंशाचा. इतकं मोलाचं काही मुलांपासून लांब ठेवलं गेलं तर मोठेपणी त्यांच्या मनात राग साचणारच.

पण त्या रागाला खरी वाट द्यायची असेल तर पुढची गोष्टही सांगायला हवी, आणि फिरत्या संदेशांत ती कधीच नसते. आर्यभटाच्या या वचनाचं आपणच काय केलं? 'प्राणेनैति कलां भूः' असा मूळ पाठ, ब्रह्मगुप्ताने खंडनासाठी उद्धृत केलेला. नंतरच्या टीकाकारांच्या हातात तो 'प्राणेनैति कलां भं' असा झाला. भूः म्हणजे पृथ्वी, भं म्हणजे नक्षत्रमंडळ. एक अक्षर बदललं आणि फिरणारी पृथ्वी थांबली, तिच्या जागी आकाश फिरू लागलं. आर्यभटाच्या पुढच्याच श्लोकात प्रवह वायू नक्षत्रमंडळाला फिरवतो अशी भाषा आहे, त्यामुळे टीकाकारांना आधार मिळाला, हेही खरं. तरी 'आमच्या ग्रंथांत होतंच' असं छातीठोकपणे म्हणणाऱ्याने स्वतःला विचारावं: ग्रंथात होतं तेव्हा ते आपल्याला का पेललं नाही?

त्याचं एक कारण अगदी सन्मान्य आहे. इ. स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने विचारलं, पृथ्वी फिरत असेल तर उंच वस्तू कोसळून का पडत नाहीत? हा अडाण्याचा प्रश्न नव्हे. त्या काळात उपलब्ध असलेल्या भौतिक समजुतीवर तो अगदी रास्त होता, आणि त्याचं समाधानकारक उत्तर कुणाकडेच नव्हतं. (ब्रह्मगुप्ताच्या ग्रंथावर भाष्य करणाऱ्या पृथूदकस्वामीने मात्र नवव्या शतकात आर्यभटाची बाजू घेतली. गुरुग्रंथावर लिहिताना त्याच्या विरुद्ध मत मांडायचं धैर्य आपल्या परंपरेत होतं, हेही लक्षात ठेवावं.) दुसरं कारण तितकं सन्मान्य नाही. ग्रहणं सावलीने होतात हे आर्यभटाने स्वच्छ सांगितलं होतं: चंद्र सूर्याला झाकतो आणि पृथ्वीची मोठी सावली चंद्राला. वराहमिहिरानेही तेच सांगितलं. ब्रह्मगुप्त गणित सावलीचंच करतो, बिनचूक करतो, आणि तरी लिहितो की राहूला नाकारणारं हे मत वेद-स्मृतींच्या विरुद्ध आहे. चारशे वर्षांनी भारताचा अभ्यास करणारा विद्वान अल् बिरूनी हे वाचून हळहळला होता. ज्याला खरं कारण माहीत आहे, ज्याच्या आकडेमोडीत ते दिसतं, त्याने ते बोलायचं का टाळावं? श्रद्धेने ब्रह्मगुप्ताच्या गणिताला हात लावला नाही, हात लावला तो त्याच्या जिभेला. आकाश ग्रंथाला मिळतंजुळतं असलंच पाहिजे अशी अट एकदा घातली की मोठ्या माणसाचंही असं होतं.

कुणी म्हणेल, मग धर्म ही विज्ञानाच्या वाटेतली धोंडच, एवढं कबूल करा आणि मोकळ्या व्हा. तसंही मला म्हणता येत नाही, कारण आपल्याच कोकणात नांदगावला केशव दैवज्ञ होऊन गेले. पंधराव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी स्वतः ग्रहांचे वेध घेतले, जुन्या सिद्धांतांवरून येणारी ग्रहस्थिती आणि प्रत्यक्ष आकाश यांत पडलेलं अंतर नोंदवलं आणि लिहून ठेवलं की काळ जाईल तसं हे अंतर पुन्हा पडणार, तेव्हा पुढच्यांनी वेध घेऊन गणित सुधारावं. त्यांचे चिरंजीव गणेश दैवज्ञ यांनी शके १४४२ मध्ये, म्हणजे १५२० च्या सुमारास, ग्रहलाघव रचला आणि पुढे कितीतरी पिढ्या पंचांगं त्यावरून होत राहिली. ही माणसं पूर्ण धार्मिक होती. त्यांना तिथी, पर्वकाळ, मुहूर्त अचूक हवे होते ते व्रतांसाठी. पण व्रत अचूक व्हायचं तर आकाशाला विचारावं लागतं, आणि आकाश 'नाही' म्हणालं तर पूर्वसूरींचा आकडा बदलावा लागतो, हे त्यांनी मानलं. जुने लोक याला दृक्प्रत्यय म्हणत, डोळ्यांना आलेली प्रचीती. एकाच परंपरेत राहूसाठी शास्त्र झाकणारा ब्रह्मगुप्त आहे आणि आकाशासाठी शास्त्र सुधारणारे केशव दैवज्ञ आहेत. दोघंही श्रद्धावान. मग दोघांत फरक कशाचा? चुकलो तर ते मान्य करायची सोय एकाने ठेवली होती, एवढाच.

युरोपचीही कथा अशीच गुंतागुंतीची आहे, आणि चर्च विरुद्ध गॅलिलिओ असं दोन ओळींत आटोपणारे बुद्धिवादी मित्र ती नीट सांगत नाहीत. कोपर्निकस स्वतः चर्चचा अधिकारी होता आणि १५४३ चा त्याचा ग्रंथ पोपला अर्पण केलेला होता. त्याच्या ग्रंथातही नाव आहे! व्हर्जिल या रोमन कवीची ओळ तो देतो: आम्ही बंदरातून निघतो आणि जमीन व गावं मागे सरतात. म्हणजे पाटण्याजवळचा गणिती, नेवाशाचा संत आणि पोलंडचा धर्माधिकारी, तिघंही एकाच नावेत बसले होते. पण नावेच्या उपमेने एवढंच सिद्ध होतं की आपण फिरत असणं शक्य आहे. काठ पळतो की नाव, हे ती सांगत नाही. म्हणून १६३२ मध्ये गॅलिलिओने ती नाव पुढे नेली. संथ चालणाऱ्या जहाजाच्या बंद खोलीत पाणी ठिबकू द्या, फुलपाखरं उडू द्या, सगळं बंदरात उभ्या जहाजात घडावं तसंच घडेल. ब्रह्मगुप्ताच्या हजार वर्षं जुन्या प्रश्नाला हे पहिलं चांगलं उत्तर होतं. तरीसुद्धा पुरावा हातात नव्हता. पृथ्वी सूर्याभोवती फिरत असेल तर जवळचे तारे वर्षभरात किंचित हललेले दिसायला हवेत, असा गॅलिलिओच्या विरोधकांचा आक्षेप होता, आणि तो खगोलाचाच आक्षेप होता. ते हलणं जर्मन खगोलशास्त्रज्ञ बेसेलला मोजता आलं १८३८ मध्ये. आणि पृथ्वीचं स्वतःभोवतीचं फिरणं बंद खोलीत, आकाशाकडे न पाहता दिसलं ते १८५१ मध्ये, पॅरिसला फूकोने टांगलेल्या लंबकात. यातून गॅलिलिओवर बंदी घालणाऱ्यांचं समर्थन होत नाही. पुरावा अपुरा आहे म्हणणं वेगळं, आणि म्हाताऱ्या माणसाला गुडघ्यावर बसवून मत मागे घ्यायला लावणं वेगळं. पहिलं विज्ञानाला लागतंच, दुसऱ्याने ते मरतं.

या ठिकाणी आणखी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. न चालणाऱ्या सूर्याची ओवी फार तर पृथ्वीच्या स्वतःभोवतीच्या फिरण्याशी जुळते. कोपर्निकसचं धाडस पृथ्वीला सूर्याभोवती फिरवण्यात होतं, आणि तेही त्याच्या आधी सुमारे अठराशे वर्षं ग्रीसच्या अरिस्टार्कसने सुचवलं होतं. पहिलं कोण याचीच शर्यत लावायची तर आपण तीही हरतो. कशाला लावायची?

बुद्धिवाद्यांच्या रागामागे मात्र रक्त सांडलेलं आहे, हे विसरून मी त्यांना काही सुनावणार नाही. २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी फिरायला निघालेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना पुण्यात गोळ्या घातल्या गेल्या. प्रश्न विचारल्याची ही किंमत ज्यांनी जवळून पाहिली, त्यांना 'जरा सौम्य बोला' असं सांगायचा अधिकार मला वाटत नाही. पण दाभोलकरांचं एक काम त्यांचेच चाहते पुरेसं सांगत नाहीत. २००८ मध्ये डॉ. जयंत नारळीकर, दाभोलकर आणि सहकाऱ्यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली. २०० मुलांच्या कुंडल्या, त्यांतली निम्मी मुलं हुशार, निम्मी मतिमंद. २७ ज्योतिष्यांनी प्रत्येकी ४० कुंडल्या पाहून कुंडली कोणत्या मुलाची ते सांगितलं. उत्तरं बरोबर आली सरासरी ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तरी पन्नासच्या आसपास आली असती. या चाचणीत कुणाला शिवी नव्हती. फलज्योतिष थोतांड आहे हे आधी ठरवलेलं असूनही, ते खरं निघालं तर दिसेल अशी व्यवस्था तिच्यात केली होती. ज्योतिष्यांना नव्वद टक्के मिळाले असते तर काय झालं असतं? नारळीकर-दाभोलकरांना ते छापावं लागलं असतं. संशयाला वजन येतं ते असा धोका पत्करल्यावर. ग्रुपवर 'थोतांड' म्हणून हसणारा भाचा हा धोका पत्करत नाही, म्हणून त्याचा संशय मामांच्या श्रद्धेइतकाच सोपा आहे.

नारळीकरांचं नाव आलं आहे तर विश्वाच्या आरंभाचा वादही पाहू, कारण 'धर्म इकडे, विज्ञान तिकडे' ही मांडणी तिथे पार कोसळते. प्रसरण पावणारं विश्व १९२७ मध्ये मांडलं आणि त्याचा आरंभ एका आदिम अणूतून झाला असावा हे १९३१ मध्ये सुचवलं ते जॉर्ज लमेत्र या बेल्जियन कॅथलिक धर्मगुरूने. त्याला कडाडून विरोध केला तो निरीश्वरवादी ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइलने. बिग बँग हे नाव हॉइलनेच १९४९ मध्ये रेडिओवर बोलताना वापरलं. विश्वाला आरंभ मानला की निर्माता मागच्या दाराने आत येतो, असं त्याला वाटे. १९५१ च्या नोव्हेंबरात पोप बारावे पायस यांनी जाहीर भाषणात या नव्या शास्त्रात सृष्टीच्या निर्मितीला दुजोरा सापडल्याचं सुचवलं. कोणताही धर्मगुरू हरखून गेला असता. लमेत्र अस्वस्थ झाला. त्याचा सिद्धांत धर्माच्या प्रश्नापासून पूर्ण अलग आहे, उद्या तो चुकीचा ठरू शकतो, आणि श्रद्धेला असल्या खुंटीवर टांगू नये, ही त्याची भूमिका होती. पुढच्या वर्षी खगोलशास्त्रज्ञांपुढच्या भाषणात पोपनी तो दावा केला नाही. आपल्याकडे नासदीय सूक्तात बिग बँग शोधणाऱ्यांनी लमेत्रकडून एवढं शिकावं. त्या सूक्ताचा शेवट आठवा: हे सगळं कुठून आलं ते परमव्योमातल्या अध्यक्षाला ठाऊक असेल, 'यदि वा न वेद', किंवा त्यालाही नसेल. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातला तो ऋषी प्रश्नचिन्हापाशी थांबला आणि आपण त्याच्या प्रश्नाखाली उत्तरपत्रिका चिकटवतो. ही त्याची अवहेलना आहे असं मला मनापासून वाटतं.

निकाल दिला तो १९६४-६५ मध्ये सगळ्या आकाशातून येणाऱ्या सूक्ष्मलहरींच्या प्रारणाने, म्हणजे तप्त आरंभाच्या उरलेल्या खुणेने, आणि तो बहुतेक शास्त्रज्ञांच्या मते लमेत्रच्या बाजूने होता. हॉइलचे विद्यार्थी नारळीकर शेवटपर्यंत बिग बँगवर शंका घेत राहिले, १९९३ मध्ये सहकाऱ्यांबरोबर पर्यायी सिद्धांतही मांडला. तो फारसा स्वीकारला गेला नाही. 'मग तीही अंधश्रद्धाच की' असं मला एका कीर्तनकारांनी विचारलं होतं. नाही, बुवा. नारळीकरांनी आपलं मत समीकरणांत मांडलं, कोणतं निरीक्षण त्याच्या विरुद्ध जाईल हे ताडून पाहता येईल असं मांडलं, आणि इतरांनी ते ताडून पाहिलं. त्यांचा सिद्धांत चुकला असं म्हणता येतं, कारण चुकू शकेल असंच त्याचं रूप होतं. मला त्यांचा जो आदर वाटतो त्यात याने तसूभरही उणेपणा येत नाही.

राहिला तो आक्षेप, की विज्ञानाला तरी सगळं कुठे कळलंय. नाहीच कळलेलं. विश्वातलं जेमतेम पाच टक्के आपल्या ओळखीचं द्रव्य आहे, सुमारे २७ टक्के कृष्णद्रव्य आणि ६८ टक्के कृष्णऊर्जा, आणि या दोन्ही नावांखाली आहे काय ते कुणालाही माहीत नाही. पण हे टक्केसुद्धा आपल्याला कुणी सांगितले? ज्यांनी मोजले त्यांनीच. आपल्या अज्ञानाचं माप काढून चारचौघांत ठेवणाऱ्याला त्याच मापावरून हिणवणं न्यायाचं नाही, आणि रिकाम्या जागेत आपला देव बसवणं देवालाही शोभणारं नाही. जागा भरत आली की त्याला उठवावं लागतं. विश्व मुळात आहेच कशाला, त्यात मी कसं जगावं, मरणाऱ्या आईच्या उशाशी बसून काय म्हणावं, हे मी कुठल्याही वेधशाळेला विचारणार नाही. आईच्या उशाशी मी हरिपाठ म्हटला होता. त्या रात्री मला त्याहून खरं काही माहीत नव्हतं आणि आजही नाही. त्यासाठी हरिपाठात पदार्थविज्ञान असायची गरज मला कधी वाटली नाही.

म्हणून पुढच्या आषाढीला ओवी येईल तेव्हा ग्रुपवर मी एवढंच लिहिणार आहे. आळंदीच्या अक्षांशावर एखाद्या उंच सभामंडपात लांब तारेला जड गोळा टांगला आणि फूकोसारखा नीट झुलू दिला, तर खालची पृथ्वी फिरत असल्यामुळे त्याची झुलण्याची दिशा हळूहळू वळत जाईल आणि पूर्ण फेरा घ्यायला तिला सुमारे ७५ तास लागतील. ध्रुवावर हाच फेरा एका नाक्षत्र दिवसात होतो, दिल्लीला जवळजवळ ५० तास लागतात, विषुववृत्तावर दिशा वळतच नाही. आळंदीत ६० तास निघाले तर एक तर आपला लंबक सदोष असेल, नाहीतर पृथ्वीच्या फिरण्याबद्दल आपण काहीतरी चुकीचं धरून बसलोय. मामांना मी फोन करून बोलावणार आहे, भाच्यालाही. तीन दिवस आणि तीन तास आळीपाळीने बसावं लागेल, रात्रीसुद्धा. खडूने जमिनीवर खुणा भाचा करील. वेळ जायला मामा चौथा अध्याय वाचतील, नावेच्या ओवीपासून.